मुऱ्हाळी आडबंदरला गेले

आमच्या पिंपळगाव राजात समुद्र पाहिलेली माणसं फार नव्हती, आणि जी होती त्यांत सगळ्यात जास्त बोलणारा मी होतो. नऊ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला, कमलला, लग्नानंतर सासरी पोचवायला गेलो होतो. तेव्हा चार दिवस समुद्र पाहिला, आणि त्या चार दिवसांवर मी पुढची नऊ वर्षं काढली. पारावर, शाळेत, लग्नाच्या मांडवात, कुठेही माणसं जमली की माझं आडबंदर सुरू व्हायचं. काय ते गाव, काय ती शांतता! एकच दुकान, तेही दुपारी बंद. झाडावरून नारळ पडला तर कोणाच्या वाडीत पडला हे अख्ख्या गावाला कळतं. दिवेलागणीला जेवणं, आणि त्यानंतर समुद्र काय बोलेल तेवढंच.

माझे चुलते नानाकाका हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "मास्तर, समुद्राचं समदं सांगतलं. आपली पोट्टी तिथं कशी हाय थे सांग ना."

ते मला सांगता येत नव्हतं, कारण चार वर्षांत कमल माहेरी आलीच नव्हती. आमच्याकडे लेकी माहेरी यायच्या त्या दिवाळीला आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. अखाजीला दारातल्या निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, आमरस होतो, आणि सासरहून आलेल्या पोरी दिवसभर झोक्यावर बसून गाणी म्हणतात. पण कमलचं दर वेळी पत्र यायचं, "सीझन आहे, सासूबाई सोडत नाहीत." सीझन म्हणजे आम्हाला कापसाचा ठाऊक. समुद्रकाठी कसला सीझन, हे आईला काही केल्या समजेना. दिवाळीला सीझन, अखाजीला सीझन! नेमकी लेक घरी यायची वेळ झाली की यांचा सीझन कसा लागतो?

या वर्षी आईनं ठरवलं, पत्र टाकायचं नाही, मुऱ्हाळी पाठवायचे. सासुरवाशिणीला माहेरी आणायला जो भाऊ नाहीतर चुलता जातो तो मुऱ्हाळी. रीतीनं एकच जातो, आईनं दोघांना धाडलं. मला आणि काकांना. निघताना म्हणाली, "एक बोलाले, अन् एक भांडाले. या बारीले तिले घेतल्याबिगर येऊ नका." बोलायला कोण आणि भांडायला कोण, हे तिनं सांगितलं नाही, त्यामुळे दोघंही दोन्हीची तयारी करून निघालो.

रेल्वे, लाँच आणि एस्टी यांचं वर्णन करून वाचकांना शिणवत नाही. एवढंच सांगतो की लाँचमध्ये काकांनी डोळे घट्ट मिटून माझ्या सदऱ्याची बाही धरली होती, आणि धक्क्यावर उतरल्यावर समुद्राकडे पाठ करून ते म्हणाले, "पाह्यला बे. चाल आता."

गुरुवार

आडबंदरच्या फाट्यावर उतरलो आणि मला वाटलं, एस्टीनं चुकीच्या गावात सोडलं. जिथे एक दुकान होतं तिथे आता शहाळीवाले, भेळवाले, टोप्या विकणारे आणि एक फोटोग्राफर. फोटोग्राफरनं पडद्यावर समुद्र रंगवला होता आणि खऱ्या समुद्राकडे पाठ करून माणसं त्या पडद्यापुढे उभी राहत होती. हाताहातात ट्रान्झिस्टर, आणि प्रत्येकावर वेगळं गाणं. नारळ पडल्याचा आवाज ऐकू यायचा तर तो निदान टोपलीभर एकदम पडायला हवा होता.

काका माझ्याकडे बघत होते. नऊ वर्षांची शांतता मी त्यांना विकली होती. "मास्तर," ते म्हणाले, "बहुतेक आज बाजार असन."

घरोघर पाट्या लागल्या होत्या. पहिल्या घरावर 'घरगुती जेवण'. दुसऱ्यावर 'खास घरगुती जेवण'. तिसऱ्यावर 'अस्सल घरगुती जेवण'. काका तिथे थांबले. "मंग पयल्या घरी कोणाच्या घरचं देतात?" शाळेजवळून गेलो तर माझ्या काळजाला धक्काच बसला. सुट्टीत वर्गखोल्या पाहुण्यांना राहायला दिल्या होत्या. फळ्यावर सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'अंघोळीचे गरम पाणी सकाळी सहा ते सात.' खाली सुविचार तसाच होता. अक्षर गुरुजींचंच असणार. आधी मला राग आला आणि मग थोडा हेवाही वाटला, कारण आमच्या शाळेत सुट्टीत फक्त शेळ्या राहतात.

कमलचं घर सापडलं ते पाटीमुळे. 'कमल निवास'. मनात म्हटलं, पोरीला राबवायचं आणि वर नाव तिचं लावायचं! काकांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी मिशीवर हात फिरवला.

कमल दारात आली ती पदर खोचलेली, हातात डाव. आम्हाला पाहून तिचे डोळे भरले, पण पाणी खाली पडेना. "दादा! काका! अवं माय, आधी कळवलं तरी असतं. पाय धुवा, बसा. दहा मिनिटं थांबा, माणसं पानावर बसले." आणि गेली. ती दहा मिनिटं दुपारी तीनला संपली. आमच्याकडे मुऱ्हाळी आला की त्याच्या पायावर पाणी घालतात, गूळ देतात. इथे आम्ही हौदावर गेलो आणि एकमेकांच्या पायावर पाणी घातलं.

ओटीवरच्या झोपाळ्यावर तिच्या सासूबाई, भागीरथीबाई, बसल्या होत्या. बारीकशी म्हातारी, पण नजर अशी की आत गेलेलं माणूस बाहेर येईपर्यंत सुटत नाही. जावई तालुक्याला नोकरीला, रविवारचे घरी. म्हणजे घरात राज्य हिचं. आम्ही बसतो न बसतो तोच म्हणाली, "आलात? बरं केलंत हो. नेताय ना तिला? न्या एकदाची."

काका माझ्या कानाशी लागले. "पाह्य, कसा टोमणा मारला. सोडाची नाही अन् वरतून न्या म्हणते."

मी ताठ आवाजात म्हणालो, "न्यायलाच आलोय, मावशी."

"मग न्या की. मी कुठे धरून ठेवल्ये?" झोपाळ्याला पाय लावत ती म्हणाली. कोकणातली माणसं गोड बोलून कापतात असं ऐकलं होतं, ते पटलं.

जेवणात तांदळाची भाकरी, सोलकढी, आंब्याची डाळ आणि पाहुण्यांसाठी मासे. काका मटण खातात, पण माशाच्या बाबतीत त्यांची एक अडचण झाली. "थो माह्याकडं पाहून राह्यला," म्हणून त्यांनी ताट फिरवून घेतलं. भाकरीचा पापुद्रा उजेडात धरून म्हणाले, "इहीनबाई, याच्यातून तुमचं समदं अंगण दिसते." यावर म्हातारीनं उत्तर दिलं, "तुमच्या ज्वारीच्या भाकरीतून बाहेरचं दिसत नाही, म्हणून तर समुद्र बघायला उशीर झाला तुम्हाला." व्याही-विहिणीची थट्टा आमच्याकडेही चालते. पण काकांना त्यातही टोमणाच दिसला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

शुक्रवार

पहाटे उठलो तर कमलच्या चुली पेटलेल्या होत्या. हाताशी दोन बाया, आणि ती मध्ये. एकीला मासे, दुसरीला खोबरं, तिसऱ्या तोंडानं शहाळीवाल्याशी घासाघीस, चौथ्यानं मुंबईच्या एका बाईला 'अंघोळीचं पाणी निघालंय' असं पुणेरी शुद्ध मराठीत सांगणं. आमच्याशी मात्र वऱ्हाडीच. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाईट वाटलं. आमची लाडाची पोर, आणि पस्तीस माणसांचं रांधते!

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात रिकामी बादली दिली. लेंग्यातले एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "मामा, जरा कढत आणा." मी धोतर-टोपीत होतो, त्यांचं काय चुकलं? मी बहिणीचा भाऊ आहे, हेडमास्तर होण्याच्या बेतात आहे, हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण कमलचं गिऱ्हाईक दुखवू नये म्हणून पाणी नेऊन दिलं. त्यानंतर सकाळभर मला मामा करून नऊ बादल्या वाहायला लावल्या. शेवटच्या बाईंनी तर "तुमच्या गावचं पाणी जड आहे हो" अशी तक्रारही केली. मी म्हटलं, आमच्या गावचं फारच जड आहे, सहाशे किलोमीटरवरून आणावं लागतं. त्या हसल्या नाहीत.

काका दिवसभर किनाऱ्यावर होते. त्यांना समुद्रापेक्षा माणसांचं नवल वाटलं. संध्याकाळी अहवाल दिला. "मास्तर, हे लोक इतक्या दुरून पाणी पाहाले येतात अन् पाण्याकडं पाठ करून पत्ते खेळतात. बाया चपला हातात धरून पाण्यात जातात अन् पाणी आलं की पळतात. पळाचं त जाता कायले? अन् एक माणूस, चांगला शिकेल दिसला, लंगोटावर वाळूत उताणा पडला होता. मी त्याले उठवलं. म्हटलं, बिमार आहे काय बापू? त मलेच रागावला."

पण काकांच्या मनात दुसरंच चाललं होतं. कमलला त्यांनी चुलीपुढे पाहिलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी जाहीर केलं, "उद्या पोट्टी चुलीपाशी जाणार नाही. उद्या तिले सुट्टी. साऱ्या मुंबईले मी रोडगे खाऊ घालतो."

रोडगे ही आमच्या वऱ्हाडाची शेतातली मेजवानी. जाड कणकेचे घट्ट गोळे, मध्ये तेलाचा पदर, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे. वरून फोडून तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कणीक आम्ही घरून बांधून आणलीच होती. कमलनं काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "काका, राहू द्या ना." पण काकांचा चेहरा बघून पुढे बोलली नाही. सासूबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "करा करा. वाडीत मात्र विस्तव नको, सगळ्या वाळक्या झावळ्या आहेत."

शनिवार

म्हणून काकांनी जागा शोधली ती किनाऱ्यावर. सकाळी आठला समुद्र पार लांब गेला होता. मागे घट्ट, सपाट, ओलसर वाळूचं हे मोठं रान. काकांनी टाच मारून पाहिली आणि खूश झाले. "पाह्य, सारवल्यासारखी जागा. वरतं ते भुसभुशीत हाय, राख मिसळते." मी म्हटलं, पाणी? काका हसले. "अबे उन्हाळा हाय. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. आपली नदी कोणत्या उन्हाळ्यात वर चढली? आभाळात ढग तरी दिसते का तुले?"

मला ते पटलं. इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती माझ्या विद्यार्थ्यांनी वाचू नये अशी इच्छा आहे. मी अकरा वर्षं भूगोलात भरती-ओहोटी शिकवतो. चंद्र, पृथ्वी, बाणांची आकृती, दिवसातून दोनदा. 'दिवसातून एकदा' लिहिलं म्हणून मी पोरांचे गुण कापलेत. पण फळ्यावरची ती भरती आणि समोरचं हे पाणी एकच, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. येणारे-जाणारे कोळी आमच्याकडे बघत होते, पण कोणी काही बोललं नाही. समुद्र चढतो हे त्यांनी कोणाला का सांगावं? आमच्याकडे तरी बैलाच्या मागे उभं राहू नये हे पाहुण्याला कोण सांगतं?

गोवऱ्या मिळवायला दहा वाजले. काकांनी धोतर वर खोचून ढीग रचला, पेटवला. मुंबईची मंडळी पत्ते टाकून भोवती जमली. काका त्यांना गोळे वळायला शिकवत होते. लेंगेवाले गृहस्थ कणकेनं कोपरापर्यंत माखले होते आणि काल ज्याला मामा म्हणाले त्यालाच विचारत होते, "मास्तर, हा गोल झाला का?" माझ्या नऊ बादल्यांचं उट्टं तिथे निघालं. इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. साडेअकराला शंभरेक रोडगे निखाऱ्यात पुरले आणि काका आडवे झाले. "आता घंटाभर कोणी हात लावाचा नाही."

घंटा पुरा झालाच नाही. आधी एक पातळसं पाणी आलं, काकांच्या टाचेला लागून गेलं. काका म्हणाले, "कोणं सांडलं बे?" दुसरं आलं ते ढिगापर्यंत. फस्सकन आवाज झाला आणि राखेची वाफ वर उठली. मग सगळे एकदम ओरडले. काका उठून समुद्रासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले, शेतात शिरलेल्या बैलाला अडवतात तसे. "अबे थांब! थांब म्हणतो ना!" तिसऱ्या लाटेनं काकांना बसवलं आणि ढीग घेऊन गेली. राखेनं माखलेले, काळे, अर्धे कच्चे रोडगे पाण्यावर नाचू लागले. मुंबईची पोरं त्यांच्यामागे धावली. काकांची टोपी चांगली दहा हात आत गेली आणि एका कोळणीनं काढून दिली. ती तोंडाला पदर लावून गेली.

एक वाजला होता. पस्तीस माणसं भुकेली, आणि काका ओल्या धोतरात मान खाली घालून. मला रडूच यायचं बाकी होतं. घरी गेलो तर कमल दारात उभी. सकाळपासून तिला आम्ही झोपाळ्यावर बसवून ठेवलं होतं. सासूबाईंनी नंतर सांगितलं, चार वेळा उठली, दोन वेळा 'मीठ नेलं का' विचारायला निघाली, नखं खात बसली. आता तिनं पदर खोचला. "दादा, विहिरीवरून दोन बादल्या. काका, धोतर बदला. भाऊसाहेब, तुम्ही कांदे सोला." लेंगेवाले गृहस्थ मुकाट कांदे सोलायला बसले. भाताची दोन पातेली कधीच उतरून ठेवलेली होती. अर्ध्या तासात बेसनाचं पिठलं, भात, आमच्या आईच्या पद्धतीचा ठेचा आणि कांदा पानावर आला. माणसं तुटून पडली. "कमलताई, उद्या पण हेच." कमल वाढत होती, हसत होती, कोणाच्या पानात काय संपलं ते मागे डोळे असल्यासारखं तिला दिसत होतं. तीन दिवसांत मी तिला इतकी आनंदात पाहिली नव्हती. सकाळी झोपाळ्यावर बसलेली पोर कोणीतरी वेगळीच होती.

"तुले भरती माहीत होती?" हात धुताना मी विचारलं.

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगाले निघाली होती." ती खाली बघून हसली. "मंग वाटलं, रोडगे झाले त दिवसभर मी करू काय? म्हून भात टाकला."

मी ओटीवर जाऊन बसलो. सासूबाई झोपाळ्यावर होत्याच. मी, थोडा रागात, थोडा गोंधळात, विचारलं, "मावशी, तुम्ही हिला चार वर्षं का सोडलं नाही?"

झोपाळा थांबला. "मी?" त्यांच्या आवाजात खरंच दुखावल्यासारखं होतं. "अहो, मी दर दिवाळीला सांगत्ये, बाय, जा. चार दिवस आई बघ. दोन बाया आहेत, मी आहे. चूल काय बंद पडणार आहे? जात नाही ती. मला वाटायचं तुम्हीच बोलावत नाही."

तीन दिवस मी त्या बाईशी सरळ बोललो नव्हतो. 'न्या एकदाची' म्हणाली तो टोमणा नव्हताच. मला इतकी लाज वाटली की मी उठून त्यांच्या पाया पडलो. त्यांना कारण समजलं नाही, पण आशीर्वाद दिला.

उन्हं कलल्यावर कमल, काका आणि मी किनाऱ्यावर गेलो. पाणी परत खाली गेलं होतं. कमल ओल्या वाळूवर बसली. मग म्हणाली, "सासूचं नाव मी लिहत होती, दादा. सोपं पडते. सासू सोडत नाही म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही."

"पण काऊन?" काका म्हणाले.

"अखाजीले झोक्यावर बसली की बाया पयले पोटाकडं पाहतात, मंग तोंडाकडं. 'कमल, काही हाय काय?' नऊ वर्सं झाले, काका, एकच सवाल. इथं माणसं येतात त विचारतात, कमलताई, आज काय केलं? मले थे बरं वाटते." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "माय तसं विचारत नाही. पण दर बारीले नवा नवस सांगते. अन् इथं येत नाही. लेकीले लेकरू होयेपर्यंत माय तिच्या घरचं पाणी पेत नाही ना. मंग मी येऊन काय दाखवू तिले? हे घर मी उभं केलं. पयल्या वर्षी दोन माणसं आले होते, थेबी रस्ता चुकून. हे माहं हाय. पण माय पाहाले येत नाही, अन् मी तिकडं येऊन दाखवू शकत नाही."

ही रीत आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मूल न झालेल्या लेकीच्या घरी आई पाणी पीत नाही, म्हणून जात नाही. मीही ती लहानपणापासून ऐकलेली. पण ती नऊ वर्षं माझ्या बहिणीच्या दारात उभी आहे, हे मला त्या संध्याकाळपर्यंत दिसलं नव्हतं. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही तिला 'चल' म्हणालो नाही. तिनंही 'मायले सांगू नका' एवढंच म्हटलं.

पिंपळगाव राजा

आई दारातच होती. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या, कमलवरून ओवाळून टाकायला. तिनं आमच्या मागे पाहिलं. एस्टीतून आणखी कोणी उतरलं नव्हतं.

मी वाटेत सगळी तयारी केली होती. सासूबाई सोडत नाहीत, हेच पुन्हा सांगायचं, चार वर्षं चाललंय ते पुढं चालवायचं. पण तोंड उघडलं आणि काका म्हणाले, "इहीनबाईचं नाव घेऊ नको बे. चांगली बाई हाय थे." मग खोटं बोलता येईना. ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. पाटी, बादल्या, रोडगे, पिठलं. कमल नको म्हणाली होती तेही, झोक्यावरच्या बायांचंही.

आई रोडग्यांना हसली नाही. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "किती माणसांचं करते?"

"तीस-पस्तीस."

"कोणी नावं ठेवत नाही?"

"ठेचा मागून मागून खातात."

"माह्याच हातचा थो." ती क्षणभर खूश झाली, आणि मग तिचा चेहरा उतरला. "साऱ्या मुंबईले वाढते थे. मंग मले काऊन नाही बोलावलं?"

काकांनी आयुष्यात वहिनीला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही. त्या दिवशी ऐकलं. "वयनी, तू तिच्या घरचं पाणी पेत नाहीस. तुले कशी बोलावीन थे?"

आई आत निघून गेली. दोन दिवसांनी अखाजी झाली. निंबाला झोका बांधला, शेजारच्या पोरी येऊन बसल्या, आई माजघरातून बाहेर आली नाही. मी कमलला कार्ड टाकलं. त्यात फक्त आईचा प्रश्न लिहिला, तिच्याच शब्दांत, आणि खाली सही केली.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं, आईच्या नावावर. कमलनं आयुष्यात पहिल्यांदा पत्रात वऱ्हाडी लिहिली होती. "माय, मिरग लागला की मुंबईचे लोकं जातात अन् घर मोकळं होते. तवा ये. पाणी लागते त तिकडून घागरभर घेऊन ये, मी काही म्हणणार नाही. पण ये."

मी वाचून दाखवलं. आईनं कार्ड घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि कमरेला खोचलं. दुसऱ्या दिवशी ज्वारी निवडायला घेतली.

परवा तिचं सामान बांधलं. सांजोऱ्यांचा डबा, कुरड्या, ज्वारी, तुरीची डाळ, कमलला लुगडं, विहिणीला लुगडं. पेरणी तोंडावर असताना काका स्वतः पोचवायला निघाले, समुद्राशी त्यांचं काही भांडण बाकी आहे म्हणे. गाडी जुंपायची वेळ झाली तेव्हा काकांनी मोरीतली पितळेची घागर आणून सामानाशेजारी ठेवली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "वयनी, हे भरून घ्याची का?"

आईनं घागरीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"कायले?" ती म्हणाली. "तिच्या घरी विहीर नाही काय?"

काकांनी घागर उचलली आणि परत मोरीत नेऊन ठेवली.